बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन शिक्षण आणि अर्थसाहाय्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या प्रसाराचा इतिहास मांडताना शुल्कसवलतीला मध्यवर्ती स्थान दिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु शुल्क हा महाविद्यालयीन खर्चाचा केवळ एक भाग होय. खोलीभाडे, खाणावळ, प्रवास आणि पुस्तके यांचा भार ग्रामीण कुटुंबाला अनेकदा शुल्काहून जड वाटतो. कोणत्या योजनेने यांपैकी नेमका कोणता भार उचलला, या प्रश्नाच्या अनुषंगाने बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शासकीय योजनांच्या आधीची जी परंपरा आपल्याकडे होती, तिने प्रथम अन्न-निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला, हे विशेष आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृहांच्या चळवळीला आरंभ केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' हे तत्त्व उच्च शिक्षणाला जोडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. परदेशात राहण्याचा व जेवणाचा खर्च तिच्यात गृहीत होता. अनुसूचित जातींसाठी १९४४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही शुल्काबरोबर निर्वाहभत्त्याला स्थान मिळाले. ज्यांनी गरिबी स्वतः भोगली होती त्यांना या भत्त्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागले नसावे.

आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गासाठीची सवलत, म्हणजेच सर्वपरिचित 'ईबीसी', ही मात्र मुख्यतः शुल्कमाफी होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये पालकाचे वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांपेक्षा कमी असल्यास ती मिळू लागली. पुढे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ही मर्यादा १२०० रुपये झाली. जातीऐवजी उत्पन्न हा निकष मानणारी ही योजना बहुजन समाजातील पहिल्या पदवीधर पिढीला उपकारक ठरली, याविषयी दुमत नाही. मात्र १२०० रुपये म्हणजे महिन्याला १०० रुपये. पगारदाराचे उत्पन्न कागदावर रुपया-आण्यापर्यंत नोंदलेले असते, तर शेतकऱ्याचे उत्पन्न हा नेहमीच अंदाज असतो. तो अंदाज करणार कोण आणि कशावरून, हा प्रश्न निकषातच दडलेला होता.

या दोन तालुक्यांत त्या प्रश्नाला विशेष धार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याने येथील भूमी दुभंगली. कालव्याखाली ऊस, तर मोरगाव-सुप्याकडे पावसावर विसंबलेले जिरायत. इंदापूर तालुक्यात भीमाकाठच्या अनेक गावांच्या जमिनी १९८० च्या सुमारास उजनीच्या जलाशयाखाली गेल्या. सातबाऱ्यावरील वीस एकर जिरायत आणि चार एकर बागायत यांपैकी गरीब कोण, हे क्षेत्रफळावरून ठरत नाही. बागायतदाराचीही अडचण निराळीच. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. उसाचे बिल हप्त्यांनी येते आणि त्यातून सोसायटीचे कर्ज वळते होते. महाविद्यालयीन प्रवेश मात्र जून-जुलैत, म्हणजे पेरणीच्या तोंडावर आणि घरात रोकड सर्वांत कमी असताना.

अशा परिस्थितीत या परिसराला लाभलेले सर्वांत मोठे अर्थसाहाय्य कोणत्याही शिष्यवृत्तीच्या यादीत सापडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने १९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केले. तोपर्यंत येथील मॅट्रिक झालेल्या मुलाला सुमारे १०० किलोमीटरवरील पुणे गाठावे लागे आणि तेथील खाणावळीचा खर्च हीच अनेकांच्या शिक्षणाची सीमा ठरे. महाविद्यालय जवळ आल्याने तो खर्चच टळला. पुढे विद्या प्रतिष्ठान (१९७२), सोमेश्वरनगर व इंदापूर येथील महाविद्यालये यांमुळे अंतर आणखी घटले. सहकारी साखर कारखान्यांच्या आसऱ्याने शिक्षणसंस्था उभ्या राहण्याची आणि उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम त्यांच्यासाठी कापून घेण्याची पद्धत पश्चिम महाराष्ट्रात रुळली. सभासदांची ही कपात म्हणजे न मागता घेतलेली देणगी, असे कोणी म्हणेल. पण जिरायत गावातील ज्या मुलाच्या घरी उसाचे कांडेही नव्हते, तोही त्याच वर्गात बसला, हे विसरता येत नाही. एस.टी.च्या विद्यार्थी पासाने उरलेले काम केले. त्याच कारखान्यांचा ऊस तोडणाऱ्या, जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या टोळ्यांची मुले मात्र या वर्तुळाबाहेर राहिली. त्यांच्यासाठी स्वतंत्र शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली.

अलीकडच्या काळात शासनाची दृष्टी पुन्हा निर्वाहाकडे वळलेली दिसते. २०१६ मध्ये ईबीसी सवलतीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. उत्पन्नमर्यादा पुढे ८ लाख रुपयांपर्यंत वाढली. त्याच सुमारास डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली. आरंभी तीत अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी मोठ्या शहरांत वार्षिक ३०,००० व अन्यत्र २०,००० रुपयांची तरतूद होती. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ झाले. पारंपरिक कला शाखेच्या वर्गांत बसणाऱ्या मुलींची अडचण शुल्काची कमी आणि बसच्या वेळेची व भाड्याची अधिक असते. या निर्णयाने ती सुटलेली नाही.

२०१७-१८ पासून अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. मध्यस्थ कमी झाले, हा लाभ निश्चित आहे. पण रक्कम यायला कधी वर्ष उलटते आणि तोवर उसनवारी होऊन गेलेली असते. प्रवेश समितीवर काम करताना दर जुलैत एक दृश्य दिसते : उत्पन्नाचा दाखला, सातबारा, जातीचा दाखला सारे नीट लावलेली फाईल घेऊन पालक उभे असतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "सर, हप्ता पाडून मिळेल का? दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की भरतो."