उलटी सूची आणि जुम्मा दरवाजा

नागपुरात महालमध्ये राहणाऱ्या जुन्या मंडळींच्या तोंडी गांधी गेटचं नाव अजून जुम्मा दरवाजाच आहे. आम्हाला दोन्ही नावांनी एकच कमान दिसते. सर्च इंजिनापुढे मात्र ती मुळात दोन वेगळी अक्षरमालिका असते. शब्दावरून गोष्टीपर्यंत पोचायचं कसं, ही अडचण संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्या इतिहासातलं एक पान नागपूरचं आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९१६च्या सुमारास त्यांनी नागपुरात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची जुळवाजुळव सुरू केली. पुढे काम पुण्याला गेलं. एकूण २३ खंड निघाले, त्यातला एक खंड सूचीचा. सूचीवर एवढे कष्ट कशाला? कारण कोशातली माहिती तिच्या स्वतःच्या नोंदीत असते, तशीच दहा परक्या नोंदींतही विखुरलेली असते. पान उघडल्यावर त्यावरचे शब्द दिसतात. सूची हे उलटं करते आणि शब्द कोणकोणत्या पानांवर आहे ते सांगते.

गूगल नेमकं हेच करतं. आपण शोध घेतो त्या क्षणी ते जगभर धावत नाही. त्याचे क्रॉलर दुव्यांवरून दुव्यांवर जात पानं आधीच गोळा करून ठेवतात आणि त्यांची उलटी सूची तयार असते. दोन शब्द दिले की दोन याद्यांमधली सामाईक पानं निघतात.

खरा प्रश्न त्यापुढचा: आधी कोणतं पान दाखवायचं? केतकरांच्याच कॉर्नेलमध्ये १९६०च्या दशकात जेरार्ड सॉल्टन यांनी 'स्मार्ट' नावाच्या प्रणालीवर याचे प्रयोग केले. १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवलं, की जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला जास्त वजन द्यावं. 'नागपूर जुम्मा दरवाजा' असं शोधलं, तर 'नागपूर'पेक्षा 'जुम्मा' जास्त कामाचा. १९९८मध्ये पेज आणि ब्रिन यांनी दुव्याला शिफारस मानलं. वजनदार पानाची शिफारस अधिक मोलाची.

मराठीत आणखी एक गुंता आहे. महालात, महालाचा, महालातल्या ही सगळी 'महाल'चीच रूपं. सूची करणारा माणूस ती न सांगता एकत्र करतो. यंत्राला ते शिकवावं लागतं, आणि शिकायला भरपूर मराठी मजकूर लागतो.

तो मजकूर कुठे आहे? तिसरे रघूजी १८५३ साली वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. तोवरचा इथला मराठी कारभार मोडीत लिहिला जाई. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. आमच्या घरीही आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद आहेत. घरात ते कुणालाच वाचता येत नाहीत. मी त्यांचे फोटो काढून नेटवर टाकले, तरी कुणी त्यांचं लिप्यंतर करेपर्यंत सूचीत त्यांतला एकही शब्द जाणार नाही.

यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकारामुळे केतकरांचा कोश आज इंटरनेटवर वाचता येतो. तो छापील देवनागरीत होता. ट्रंकेतल्या कागदांसाठी आधी मोडी वाचणारा माणूस हवा, आणि असे वाचक आता थोडे उरलेत. शोधूनही काही मिळालं नाही की 'तसं काही नव्हतंच' असं समजायची सवय नव्या पिढीला लागते आहे. म्हणून या हिवाळ्यात मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं आहे.