शंकू, दिवा आणि दोन वेळू : समरूप त्रिकोणांच्या वापराचा इतिहास

दोन त्रिकोणांचे कोन अनुक्रमे समान असले की त्यांच्या संगत बाजू एकाच प्रमाणात असतात, हा समरूप त्रिकोणांचा गुणधर्म आज शाळेच्या भूमितीत प्रमेय म्हणून शिकवला जातो आणि गणित ऑलिंपियाडच्या परीक्षांत भूमितीचे बरेचसे काम त्याच्यावरच चालते. ग्रीक परंपरेत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, पाचव्या अध्यायातील प्रमाणाच्या सिद्धांताचा आधार घेऊन, या गुणधर्माची रीतसर सिद्धता दिली. भारतीय ज्योतिर्गणिताने मात्र त्याला स्वतंत्र प्रमेयाचे स्थान कधी दिले नाही; तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची जी त्रैराशिकाची रीत बाजारातल्या हिशेबात वापरली जाई, तीच आकृतीतील बाजूंनाही लावली गेली. या फरकावरून भारतीय भूमिती कच्ची होती असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, कारण त्रैराशिक कोणत्या दोन त्रिकोणांना लावायचे हे ओळखण्याचे कौशल्य या परंपरेत फार लवकर आणि फार उंचीवर पोहोचले होते, आणि स्पर्धेतील भूमितीही नेमकी त्याच कौशल्याची कसोटी पाहते.

या विद्येचे मूळ साधन म्हणजे शंकू, अर्थात सपाट जमिनीवर लंबरूप उभी केलेली आणि प्रथेनुसार १२ अंगुळे उंचीची मानलेली काठी. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर मानता येतात. त्यामुळे एकाच क्षणी शंकू आणि त्याची छाया यांचे जे गुणोत्तर असते तेच शेजारच्या देवळाचे शिखर आणि त्याची छाया यांचेही असते. पण उंची मोजणे हा शंकूचा किरकोळ उपयोग होता. वसंत किंवा शरद संपाताच्या दिवशी, म्हणजे दिवस आणि रात्र समान असताना, भर दुपारी शंकूची जी छाया पडते तिला पलभा म्हणतात, आणि शंकू, पलभा व छायेच्या टोकापासून शंकूच्या माथ्यापर्यंतचा कर्ण यांनी जो काटकोन त्रिकोण बनतो त्याचा एक कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असतो. पुण्याच्या अक्षांशावर ही पलभा सुमारे ४ अंगुळे भरते. ज्यांचा एक लघुकोन अक्षांशाइतका आहे असे अनेक काटकोन त्रिकोण आकाशगोलातही कल्पिता येतात. त्यांना अक्षक्षेत्रे म्हणत, आणि ती सर्व एकमेकांशी समरूप असल्यामुळे अंगणातल्या छोट्या त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की आकाशातल्या त्रिकोणांच्या बाजू त्रैराशिकाने हाती येत. सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी अशी आठ अक्षक्षेत्रे सांगितली आहेत. ज्या आकृतीला हात लावता येत नाही तिचे गणित हाताखालच्या आकृतीवरून करण्याचा हा मार्ग भारतीय ज्योतिषाच्या अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक आहे.

सूर्याच्या जागी दिवा आला की प्रश्नाचे रूप बदलते, कारण दिव्याचे किरण एका बिंदूतून पसरतात आणि शंकू जितका दूर न्यावा तितकी त्याची छाया लांबत जाते. आर्यभटाच्या इसवी सन ४९९ मधील आर्यभटीय या ग्रंथातील गणितपाद नावाच्या भागात याचे दोन नियम आहेत. पहिल्या नियमानुसार दिव्याचा खांब आणि शंकू यांमधील अंतराला शंकूच्या उंचीने गुणून त्या दोहोंच्या उंचीतील फरकाने भागले की छायेची लांबी मिळते. येथे शंकूच्या माथ्यातून जमिनीला समांतर रेषा काढली म्हणजे वरच्या बाजूस एक त्रिकोण तयार होतो आणि छायेच्या त्रिकोणाशी त्याची समरूपता आपोआप दिसते. नियमात उंचीचा फरक येतो तो त्यामुळेच. दुसरा नियम अधिक खोल आहे, कारण त्यात खांबाची उंची आणि त्याचे अंतर ही दोन्ही अज्ञात असतात, आणि दोन ठिकाणी ठेवलेल्या शंकूंच्या छाया व त्या छायांच्या टोकांमधील अंतर एवढ्यावरून दोन्ही काढायची असतात. चीनमधील ल्यू हुई याने इसवी सन २६३ मध्ये दोन खांब रोवून समुद्रातल्या बेटाची उंची व अंतर काढण्याची जी रीत लिहिली तिचीही रचना अशीच आहे: त्रिकोणांच्या एका जोडीने जे सुटत नाही ते दोन जोड्यांच्या फरकाने सुटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला, आणि त्यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे त्यांचे गाव सह्याद्रीच्या आश्रयाला होते. ११५० मध्ये लिहिलेल्या त्यांच्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे आणि त्यात आर्यभटाचे हे दोन्ही नियम उदाहरणांसह येतात. एका उदाहरणात १२ अंगुळांच्या शंकूची छाया ८ अंगुळे पडते, आणि तोच शंकू छायेच्या दिशेने २ हात पुढे सरकवला की ती १२ अंगुळे होते. हात म्हणजे २४ अंगुळे, म्हणून दोन छायांच्या टोकांमधील अंतर ४८ मध्ये १२ मिळवून आणि ८ वजा करून ५२ अंगुळे येते. त्याला पहिल्या छायेने, म्हणजे ८ ने, गुणून छायांच्या फरकाने, म्हणजे ४ ने, भागले की खांबाच्या बुंध्यापासून पहिल्या छायेच्या टोकापर्यंतचे अंतर १०४ अंगुळे मिळते, आणि मग ८ अंगुळे छायेला १२ अंगुळे उंची तर १०४ ला किती, या त्रैराशिकाने दिव्याची उंची १५६ अंगुळे, म्हणजे साडेसहा हात ठरते. दुसऱ्या छायेवरूनही उंची हीच येते. याच प्रकरणाच्या शेवटी भास्कराचार्यांनी, भगवंताने जसे हे विश्व व्यापले आहे तसे सारे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, अशा आशयाचे विधान केले आहे. अतिशयोक्ती म्हणून ते सोडून देऊ नये, कारण आधीच्या पानांवरची उदाहरणे त्याचा पुरावाच आहेत.

त्या उदाहरणांत स्पर्धेतील भूमितीच्या सर्वांत जवळचे आहे ते दोन वेळूंचे. एक वेळू १५ हात व दुसरा १० हात उंचीचा असून प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी ताणली आहे. दोन दोऱ्या जेथे एकमेकींना छेदतात तो बिंदू जमिनीपासून किती उंच आहे, हे विचारले आहे, आणि वेळूंमधले अंतर मुद्दामच सांगितलेले नाही. प्रथमदर्शनी माहिती अपुरी वाटते. परंतु छेदबिंदूतून जमिनीवर लंब टाकला की तो जमिनीचे दोन भाग करतो, आणि एका जोडीतील समरूपतेने लंबाचे १५ शी असलेले गुणोत्तर एका भागाच्या पूर्ण जमिनीशी असलेल्या गुणोत्तराइतके, तर दुसऱ्या जोडीतील समरूपतेने लंबाचे १० शी असलेले गुणोत्तर उरलेल्या भागाच्या पूर्ण जमिनीशी असलेल्या गुणोत्तराइतके होते. दोन भाग मिळून पूर्ण जमीन होत असल्याने ही दोन गुणोत्तरे मिळून १ होतात, आणि लंब उंचींच्या गुणाकाराला बेरजेने भागून, म्हणजे १५० भागिले २५, असा ६ हात येतो. भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. जमीन ५ हात मानली तर तिचे भाग ३ आणि २, १० मानली तर ६ आणि ४, १५ मानली तर ९ आणि ६, तरी लंब सर्वत्र तोच, हे ते दाखवतात आणि पडताळा त्रैराशिकाने घ्यावा असे सांगतात. जी राशी दिलेली नाही तिची गरजच नाही, हे ओळखायला लावणारा प्रश्न रचणे हे मोठ्या शिक्षकाचे काम आहे. समलंब चौकोनाच्या कर्णांचा छेदबिंदू या रूपात हेच तत्त्व आज ऑलिंपियाडची तयारी करणारा प्रत्येक विद्यार्थी शिकतो.

भास्कराचार्यांच्या बीजगणित या ग्रंथातही असाच एक प्रसंग आहे. भुज १५ आणि कोटी २०, म्हणजे काटकोन करणाऱ्या बाजू १५ आणि २०, असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढताना काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला आहे. त्यामुळे होणारे दोन्ही लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप असल्याने कर्णाचे दोन तुकडे २२५ व ४०० या संख्यांना कर्णाने भागून मिळतात, आणि त्यांची बेरीज पुन्हा कर्णाइतकी असल्यामुळे कर्णाचा वर्ग ६२५ व कर्ण २५ ठरतो. युरोपीय पाठ्यपुस्तकांत पायथागोरसच्या प्रमेयाची जी सिद्धता पुढे रूढ झाली ती हीच.

कालक्रम थोडा मागे नेऊन ब्रह्मगुप्ताच्या एका नियमाकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण आतापर्यंतच्या उदाहरणांत फार तर एखादा लंब किंवा समांतर रेषा काढताच दोन्ही त्रिकोण आकृतीत उघड दिसत होते आणि या नियमात मात्र दुसरा त्रिकोण रचावा लागतो. इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने सांगितले आहे की त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या गुणाकाराला तिसऱ्या बाजूवरील लंबाच्या दुपटीने भागले असता परिवर्तुळाची, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची, त्रिज्या मिळते. बाजू १३, १४ आणि १५ असल्या तर १४ वरील लंब १२ आणि त्रिज्या १९५ भागिले २४, म्हणजे सव्वाआठाहून किंचित कमी. नियमासोबत उपपत्ती, म्हणजे सिद्धता, दिलेली नाही. ती मिळवायची तर लंब ज्या शिरोबिंदूतून पडतो त्यातून वर्तुळाचा व्यास काढून त्याचे दुसरे टोक तिसऱ्या बाजूच्या एका टोकाशी जोडावे लागते. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो आणि एकाच कंसावरील कोन समान असतात, म्हणून नव्या त्रिकोणाची लंबाने झालेल्या त्रिकोणाशी समरूपता सिद्ध होते. स्पर्धेच्या भूमितीत पुन्हा पुन्हा लागणाऱ्या सूत्रांत याचा समावेश होतो.

ही विद्या नंतर टीकाकारांनी जपली. चाळीसगावाजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ती दिल्या, आणि त्याच शतकात केरळातील ज्येष्ठदेवाच्या मलयाळम युक्तिभाषेत वर्तुळाच्या परिघाची अनंत श्रेढी समरूप त्रिकोणांच्याच आधारे काढली गेली. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ पंडिताने युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात रेखागणित या नावाने आणला, आणि समरूपता स्वतंत्र प्रमेय म्हणून संस्कृत वाचकापुढे आली. इंग्रजी अमदानीतील शाळांनी युक्लिडचाच क्रम स्वीकारला; दहावीच्या मराठी पुस्तकातील कोको, बाकोबा आणि बाबाबा या समरूपतेच्या कसोट्या त्या वारशातील आहेत.

स्पर्धेचा इतिहास याहून खूप अलीकडचा आहे. हंगेरीत १८९४ मध्ये शाळा संपवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गणिताची स्पर्धा सुरू झाली, १९५९ मध्ये रुमानियात पहिले आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड भरले, आणि भारताने त्यात १९८९ पासून भाग घेतला. महाराष्ट्र व गोवा विभागातील प्रादेशिक परीक्षेचे काम पुण्याच्या ज्या संस्थेने दीर्घकाळ पाहिले ती म्हणजे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान.

१९९६ चे ३७ वे ऑलिंपियाड मुंबईत झाले, आणि त्यातील दुसरा प्रश्न समरूप त्रिकोण रचण्याच्या कलेचा उत्तम नमुना मानावा असा आहे. त्रिकोण अबक याच्या आत प हा बिंदू असा आहे की कोन अपब मधून कोन अकब वजा केला काय किंवा कोन अपक मधून कोन अबक वजा केला काय, बाकी एकच येते. तर त्रिकोण अपब चा अंतर्मध्य ब शी जोडणारी रेषा, त्रिकोण अपक चा अंतर्मध्य क शी जोडणारी रेषा आणि रेषा अप या एकाच बिंदूतून जातात हे दाखवायचे आहे. अंतर्मध्य म्हणजे कोनदुभाजकांचा छेदबिंदू. म्हणून पहिली रेषा कोन अबप ची आणि दुसरी कोन अकप ची दुभाजक आहे, आणि कोनदुभाजकाच्या प्रमेयानुसार पहिली अप ला अब व बप यांच्या गुणोत्तरात, तर दुसरी अक व कप यांच्या गुणोत्तरात विभागते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ही दोन गुणोत्तरे समान आहेत का.

दिलेल्या आकृतीत यासाठी उपयोगी पडणारी समरूप जोडी नाही. ती निर्माण करावी लागते. अ हा शिरोबिंदू तोच ठेवून, रेषा बक च्या पलीकडे म हा बिंदू असा घ्यावा की त्रिकोण अकम हा त्रिकोण अपब शी समरूप होईल. तसे केले की त्रिकोण अबम आणि त्रिकोण अपक हेही आपोआप समरूप होतात, कारण अ पाशी सामावलेले कोन समान आणि त्यांच्या बाजू त्याच प्रमाणात असतात. आता कोन अकम हा कोन अपब इतका असल्याने कोन बकम म्हणजे प्रश्नातील पहिली वजाबाकी, आणि कोन अबम हा कोन अपक इतका असल्याने कोन कबम म्हणजे दुसरी वजाबाकी. दोन्ही समान दिल्या आहेत, म्हणून त्रिकोण बकम समद्विभुज आहे आणि कम व बम समान आहेत. पहिल्या समरूपतेने कम ही बप व अक यांच्या गुणाकाराला अप ने भागून येते, दुसरीने बम ही कप व अब यांच्या गुणाकाराला अप ने भागून येते, आणि दोन वेळूंच्या उदाहरणात जमीन गळून जावी तशी येथे अप गळून जाते. बप व अक यांचा गुणाकार कप व अब यांच्या गुणाकाराइतका ठरतो, म्हणजे अब चे बप शी असलेले गुणोत्तर अक च्या कप शी असलेल्या गुणोत्तराइतके होते, आणि दोन्ही दुभाजक अप ला एकाच बिंदूत छेदतात.