एका घरातली दुहेरी

जालना जिल्ह्यातील जांब हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून. १६०८ साली येथे जन्मलेल्या नारायणाने पुढे ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली आणि शरीराला बळ हवे ही साधी गोष्ट उपासनेच्या पंक्तीला नेऊन बसविली. या समर्थांचे चरित्र विसाव्या शतकात एका मराठी विदुषीने संस्कृत श्लोकांत गुंफले. हीच बाई टेनिसच्या मैदानावरही नावाजलेली होती, आणि तिच्या लेकीने तर थेट विंबल्डनला सामना जिंकला, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

या विदुषीचे नाव पंडिता क्षमाबाई राव. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदविद्येचे आणि कालिदासाचे गाढे अभ्यासक. १८६९ साली छापून निघालेल्या तुकोबांच्या गाथेच्या दोघा संपादकांपैकी ते एक. परंतु १८९० साली जन्मलेल्या क्षमाबाईंना वडिलांचा सहवास लाभला तो जेमतेम चार वर्षांचा. १८९४ साली पंडित वारले आणि या पोरीचे बालपण नातलगांच्या आश्रयाने गेले. मागे उरली ती वडिलांची विद्या, आणि तीही कोणी ताटात वाढून दिलेली नव्हे. मुलींच्या शिक्षणाला नाके मुरडली जात त्या काळात त्यांनी ती मिळविली.

१९१० साली मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९११ च्या डिसेंबरात लीलाचा जन्म झाला. येथून पुढे एखाद्या बाईची गोष्ट संपली असे धरून चालण्याची आपली रीत. क्षमाबाईंची गोष्ट खरी सुरू झाली ती येथून! संसार, मूल आणि संस्कृताचा व्यासंग सांभाळून त्या टेनिस खेळल्या, आणि घरापुरत्या नव्हे, तर स्पर्धांतून. लेखणीही तशीच धीट. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी लिहिलेली ‘सत्याग्रहगीता’ इंग्रजी अमलात येथे छापणे कठीण होते. ती १९३२ साली पॅरिसला छापून निघाली.

अशा आईच्या हाताखाली लीला वाढली. मुलीने अभ्यास करावा की खेळावे, हा वाद त्या घरात कशाला निघेल? १९३१ साली लीलाने अखिल भारतीय स्पर्धेत महिलांचे एकेरीचे विजेतेपद मिळविले आणि पुढेही ते अनेकदा जिंकले.

१९३४ साली ती विंबल्डनच्या हिरवळीवर उतरली. गवतावर चेंडू फारसा उसळत नाही, सरपटत अंगावर येतो. सवय नसलेल्याची तेथे त्रेधा उडते. पहिल्या फेरीत समोर होती इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीलाने ४-६ असा गमावला. दुसरा सेट लांबत गेला. टायब्रेकची सोय तेव्हा नव्हती. विंबल्डनला ती आली १९७१ साली. दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत झुंजत राहायचे, एवढाच नियम. लीला झुंजली आणि १०-८ असा तो सेट तिने ओढून आणला. तिसरा ६-२. विंबल्डनला सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा अदामॉफने तिला हरविले; पण पहिलेपणाचा मान कोण हिरावून घेणार?

पुढे १९४३ साली लीलाबाईंचा विवाह हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. ते नेपाळात भारताचे राजदूत असताना, १९६४ साली, एव्हरेस्टच्या परिसरातील पदभ्रमणात वारले. लीलाबाईंनी नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले आणि आईच्या संस्कृत कथांवरून नाटके रचली. आई १९५४ सालीच गेली होती. तिचे शब्द रंगभूमीकडे नेण्याचे काम लेकीने केले.

टेनिसच्या दुहेरीत एकीच्या डोक्यावरून चेंडू गेला की मागची धावून तो उचलते. या मायलेकींचे आयुष्य मला तसे वाटते. ही काही आपल्याच मुलखाची नवलाई नाही. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेली मार्टिना हिंगिस हिला घडविले ते तिच्या आईनेच, आणि ती आईही टेनिसपटूच. याच हिंगिसच्या जोडीने आपल्या सानिया मिर्झाने २०१५ साली विंबल्डनला महिला दुहेरीचे विजेतेपद मिळविले. त्याआधी, २०१४ साली, बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानियाच्या जोडीने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकून आली होती. २०१६ साली ही जोडी रिओच्या ऑलिंपिकलाही गेली.

मुंबईच्या डॉक्टरांच्या घरात जे घडले ते बार्शीसारख्या गावापर्यंत पोहोचायला ऐंशी वर्षे लागली. बार्शीहून जालना काही फार दूर नाही. दिवाळीच्या फराळाला घरची सारी मंडळी जमतील, तेव्हा खेळायला निघालेल्या लेकीला ‘आता पुरे, अभ्यासाला बस’ म्हणण्यापूर्वी क्षमाबाईंची आठवण काढावी. त्यांच्या घरात पोथी आणि रॅकेट एकाच फळीवर नांदत होती, आणि दोहोंपैकी एकीलाही कधी दुसरीची अडचण झाली नाही.