प्रस्तावना : खांबबाबा ते जयविलास

ग्रीक कलेच्या अभ्यासाची सुरुवात आपल्याकडे बहुधा पार्थेनॉनच्या छायाचित्रापासून होते. ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याने ती जयविलासच्या अंगणातून करावी, असा माझा आग्रह आहे. जयाजीराव शिंद्यांचा हा राजवाडा १८७४ मध्ये उभा राहिला. तळमजला टस्कन शैलीत, त्यावर इटालियन डोरिक आणि सर्वांत वर कोरिंथियन. दणकट शैली खाली, नाजूक वर, हा क्रम रोमच्या कलोसियमवरही दिसतो. डोरिक आणि कोरिंथियन या मूळच्या ग्रीक शैली. टस्कन ही रोमनांची, डोरिकहूनही साधी. म्हणजे इथवर आलेला ग्रीक वारसा आधी रोमनांच्या आणि मग प्रबोधनकाळातील इटालियन वास्तुकारांच्या हातून गेलेला आहे. राजवाड्याचे वास्तुकार मायकेल फिलोस यांचे घराणे मूळचे नेपल्सचे, शिंद्यांच्या चाकरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. आणि नेपल्स ही तर ग्रीकांनीच वसवलेली नगरी.

पण याच शिंद्यांच्या संस्थानात ग्रीक संबंधाचा याहून दोन हजार वर्षे जुना पुरावा उभा होता. विदिशाजवळच्या बेसनगरचा दगडी खांब गावकरी खांबबाबा म्हणून पुजत. शेंदराचे थर इतके जाड होते की १८७७ मध्ये तिथे आलेल्या अलेक्झांडर कनिंगहॅमनाही त्याखालचा लेख दिसला नाही. तो उजेडात आला १९०९ मध्ये. तक्षशिलेच्या अंतलिकित या ग्रीक राजाचा वकील, दियाचा मुलगा हेलिओडोरस, काशीपुत्र भागभद्राच्या दरबारी आला होता. स्वतःला भागवत म्हणवणाऱ्या या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, वासुदेवाचा गरुडध्वज उभारल्याचे त्यात नोंदले आहे. काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. पुढे देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी तिथे उत्खनन केले. पुरातत्त्वाची गोडी लागलेल्या मराठी वाचकाने त्यांचे अहवाल आवर्जून वाचावेत.

आता खांब नीट पाहा. खाली अष्टकोनी, वर सोळा पैलूंचा, त्यावर बत्तीस पैलूंचा आणि शेवटी गोल, शिरोभागी घंटाकृती. लेखाची लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. उभारणारा ग्रीक आहे, पण डोरिक किंवा कोरिंथियनची खूण कुठेही नाही. जयविलासमध्ये उलट घडले: घडण ग्रीक वळणाची, पण ती उभारायला सांगणारा मराठा राजा. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने माणसाचा प्रवास आणि आकाराचा प्रवास यांची गल्लत करू नये. गंधाराच्या बुद्धमूर्तीवरच्या वस्त्राच्या चुण्या पाहून सगळ्या भारतीय शिल्पाचे श्रेय ग्रीकांना देणारे जसे चुकले, तसेच ग्रीकांशी असलेला संबंध मुळातून नाकारणारेही चुकले.

हीच दृष्टी घेऊन महाराष्ट्रात यावे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले आहेत. दात्यांची नावे मात्र अस्सल इथली, आणि खांबांच्या माथ्यावर हत्ती व त्यांवरचे स्वार. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती आहे. ती व्यापारातून समुद्रापलीकडून आलेली वस्तू. तिला कार्ल्याचे निकष लावता येणार नाहीत. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक वस्तूला आधी तीन प्रश्न विचारले आहेत: घडवली कोणी, खर्च केला कोणी, आणि नमुना आला कुठून? वाचकानेही ते विचारत जावे आणि आमची उत्तरे पटली नाहीत तर प्रत्यक्ष दगडापाशी जाऊन ती तपासावीत.