मुलगा बनून रिंगमध्ये उतरलेली केटी टेलर महिला बॉक्सिंगचा चेहरा कशी बनली?

स्पर्धकांच्या यादीत नाव असायचं फक्त 'के. टेलर'. केस हेडगार्डच्या आत नीट खोचलेले. लढत संपून हेडगार्ड निघालं, की समोरच्या कोपऱ्यातल्या लोकांना कळायचं, आपल्या पोराशी लढणारा मुलगा नव्हता, मुलगी होती.

हे चाललं होतं १९९० च्या दशकातल्या आयर्लंडमध्ये. मुलींच्या बॉक्सिंग लढतींना तिथे मान्यताच नव्हती, त्यामुळे लढायचं तर मुलगा बनूनच लढावं लागायचं. त्या मुलीने पुढे पाच जागतिक अजिंक्यपदं आणि ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये दोन वजनी गटांची निर्विवाद विजेती होण्याचा मानही मिळवला. जुलै २०२५ मधल्या लढतीनंतर तिची व्यावसायिक कारकीर्द अशी दिसते: २६ लढती, २५ विजय, १ पराभव.

ही गोष्ट आहे केटी टेलरची. आणि तिच्यासोबत बदलत गेलेल्या महिला बॉक्सिंगची.

रिंगच नव्हती, तर लढणार कुठे?

केटीचा जन्म २ जुलै १९८६ चा. गाव ब्रे, डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेलं. वडील पीट टेलर स्वतः बॉक्सर, आयर्लंडचे राष्ट्रीय विजेते. आई ब्रिजेटही या खेळात पंच म्हणून काम करायची. त्यामुळे घरात बॉक्सिंगला विरोध नव्हता, अडचण घराबाहेर होती.

त्या काळात आयर्लंडची डिअर्ड्रे गोगार्टी व्यावसायिक बॉक्सिंग करायला थेट अमेरिकेत गेली, कारण मायदेशी तिला लढताच येत नव्हतं. मार्च १९९६ मध्ये लास वेगासला माइक टायसनच्या लढतीआधी ती अमेरिकेच्या क्रिस्टी मार्टिनशी लढली. गोगार्टी हरली, पण महिलाही अशा लढू शकतात हे टीव्हीवर लाखो लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

शेजारच्या ब्रिटनमध्ये जेन काउच या बॉक्सरला परवान्यासाठी कायदेशीर लढाई करावी लागली. मासिक पाळीच्या काळात महिला भावनिकदृष्ट्या अस्थिर असतात, हाही एक मुद्दा तिथल्या बॉक्सिंग मंडळाने मांडला होता. १९९८ मध्ये काउचने ती केस जिंकली.

आयर्लंडमध्ये हा दिवस उजाडला ३१ ऑक्टोबर २००१ रोजी. डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये देशातली पहिली अधिकृत महिला बॉक्सिंग लढत झाली. रिंगमध्ये होती १५ वर्षांची केटी, समोर बेलफास्टची अलाना ऑडली. केटी जिंकली, आणि यावेळी ती स्वतःच्या नावाने लढली होती.

दिल्लीतलं पहिलं जागतिक सुवर्ण

केटीच्या कारकिर्दीचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. तिचं पहिलं जागतिक अजिंक्यपद नवी दिल्लीत आलं, २००६ मध्ये, ६० किलो वजनी गटात. याच स्पर्धेत भारताच्या मेरी कोमनेही सुवर्ण जिंकलं होतं.

त्यानंतर २००८, २०१०, २०१२ आणि २०१४ अशी सलग पाच जागतिक सुवर्णं केटीने जिंकली. मधल्या काळात ती आयर्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडूनही खेळली.

पण ऑलिम्पिकचं काय? पुरुषांचं बॉक्सिंग १९०४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. महिलांना प्रवेश द्यायचा निर्णय झाला ऑगस्ट २००९ मध्ये. त्यानुसार २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी १० वजनी गट होते आणि महिलांसाठी फक्त ३. जगभरातून केवळ ३६ महिला बॉक्सरना जागा मिळाली.

उद्घाटन सोहळ्यात आयर्लंडचा झेंडा केटीच्या हातात होता. अंतिम फेरीत तिने रशियाच्या सोफिया ओचिगाव्हाला १०-८ असं हरवलं. १९९२ नंतर बॉक्सिंगमध्ये आयर्लंडला मिळालेलं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. याच ऑलिम्पिकमध्ये ५१ किलो गटात मेरी कोमला कांस्य मिळालं होतं.

रिओत हार, आणि नवा रस्ता

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चित्र पालटलं. तोपर्यंत वडील प्रशिक्षक म्हणून तिच्या सोबत राहिले नव्हते. उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडच्या मीरा पोटकोनेनने तिला निसटत्या फरकाने हरवलं. वय ३० वर्षं.

इथे थांबली असती तरी केटीचं नाव इतिहासात राहिलं असतं. पण काही महिन्यांतच तिने व्यावसायिक व्हायचं ठरवलं. ब्रिटिश प्रमोटर एडी हर्न यांच्याशी करार केला आणि प्रशिक्षक रॉस एनामेट यांच्यासोबत सराव करण्यासाठी अमेरिकेतलं कनेटिकट गाठलं. २६ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनच्या वेम्बली अरेनात ती पहिली व्यावसायिक लढत खेळली आणि तिसऱ्या फेरीतच जिंकली.

हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फरक काय?

ऑलिम्पिक ज्या प्रकारात होतं त्याला हौशी बॉक्सिंग म्हणतात. तिथे लढत तीन फेऱ्यांची असते आणि महिला हेडगार्ड घालतात. एकाच स्पर्धेत काही दिवसांत अनेक लढती खेळाव्या लागतात.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेडगार्ड नसतो. वर्षाला दोन-तीनच लढती होतात, पण प्रत्येकीसाठी काही आठवडे तयारी चालते. महिलांच्या जेतेपदाची लढत साधारणपणे १० फेऱ्यांची असते. लढत कोणाशी, कुठे आणि किती पैशांत, हे प्रमोटर आणि मॅनेजर ठरवतात. तिकिटं विकली गेली नाहीत, तर खेळाडू कितीही चांगली असो, तिला मोठी लढत मिळत नाही.

जगज्जेतेपदही एक नसतं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार प्रमुख संघटना आपापला पट्टा देतात. एकाच वजनी गटातले चारही पट्टे जिच्याकडे असतात, तिला 'निर्विवाद विजेती' म्हणतात.

चार पट्टे आणि एक वादग्रस्त रात्र

केटीने पहिला पट्टा जिंकला तो पदार्पणानंतर अवघ्या ११ महिन्यांत. ऑक्टोबर २०१७ मध्ये कार्डिफला अर्जेंटिनाच्या आनाही सांचेझला हरवून ती लाइटवेट म्हणजे ६१.२ किलो गटाची डब्ल्यूबीए विजेती झाली. २०१८ मध्ये आयबीएफचा आणि मार्च २०१९ मध्ये डब्ल्यूबीओचा पट्टा आला.

चौथा पट्टा होता बेल्जियमच्या डेल्फिन पर्सूनकडे. पर्सून पोलिसात नोकरी करत करत बॉक्सिंग करायची. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघी भिडल्या. शेवटच्या फेऱ्यांमध्ये पर्सूनने केटीला पार दमवलं. दोन पंचांनी ९६-९४ असा कौल केटीला दिला, तिसऱ्याने ९५-९५ अशी बरोबरी दिली. केटी निर्विवाद विजेती झाली, पण पर्सूनच जिंकायला हवी होती असं अनेकांचं मत होतं.

वाद मिटवायचा एकच मार्ग होता, पुन्हा लढणं. ऑगस्ट २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, इंग्लंडमध्ये प्रमोटरच्या मुख्यालयाच्या बागेत रिंग उभारून प्रेक्षकांशिवाय लढत झाली. यावेळी तिन्ही पंचांनी केटीच्या बाजूने कौल दिला.

गार्डनमधली ती रात्र

मॅडिसन स्क्वेअर गार्डन म्हणजे बॉक्सिंगची पंढरीच. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची १९७१ ची गाजलेली लढत इथलीच. पण दोन महिलांची लढत इथे कधीच मुख्य लढत नव्हती. महिला लढायच्या त्या पुरुषांच्या मोठ्या लढतीआधी.

३० एप्रिल २०२२ रोजी हे बदललं. केटीसमोर होती अमांडा सेरानो. पोर्तो रिकोत जन्मलेली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेली, डावखुरी आणि सात वेगवेगळ्या वजनी गटांत जगज्जेती ठरलेली. दोघींचंही मानधन दहा लाख डॉलरच्या घरात किंवा त्याहून जास्त असल्याच्या बातम्या होत्या. प्रेक्षक होते १९,१८७.

पाचव्या फेरीत सेरानोच्या ठोशांनी केटी अक्षरशः डगमगली. नाकातून रक्त येत होतं आणि लढत थांबवली जाईल असं वाटत होतं. ती टिकली, पुढच्या फेऱ्यांत सावरली आणि दहाव्या फेरीत दोघी समोरासमोर उभ्या राहून ठोसे देत राहिल्या. निकाल २-१ असा केटीच्या बाजूने लागला.

घरच्या प्रेक्षकांसमोर हार

गंमत म्हणजे तोपर्यंत केटी आयर्लंडमध्ये एकही व्यावसायिक लढत खेळली नव्हती. २०१६ च्या फेब्रुवारीत डब्लिनच्या एका हॉटेलात बॉक्सर्सचं वजन घेण्याचा कार्यक्रम सुरू असताना टोळीयुद्धातून गोळीबार झाला होता. त्यानंतर मोठे प्रमोटर या शहरापासून दूरच राहिले. ८२ हजार क्षमतेच्या क्रोक पार्कवर लढत घ्यायची चर्चा झाली, पण खर्चाचं गणित जमलं नाही.

अखेर २० मे २०२३ रोजी डब्लिनच्या थ्री अरेनात ती उतरली. प्रतिस्पर्धी इंग्लंडची शॉन्टेल कॅमरन, लाइट वेल्टरवेट म्हणजे ६३.५ किलो गटाची निर्विवाद विजेती. केटी वरच्या गटात जाऊन लढली आणि हरली. ३६ वर्षांची खेळाडू, घरचं मैदान आणि कारकिर्दीतला पहिला व्यावसायिक पराभव. आता संपलं, असं म्हणणारे कमी नव्हते.

सहा महिन्यांनी, २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, त्याच शहरात, त्याच हॉलमध्ये केटीने कॅमरनला हरवलं. चारही पट्टे तिच्याकडे आले. आता ती दोन वजनी गटांची निर्विवाद विजेती ठरली होती.

सेरानोशी आणखी दोनदा

सेरानोसोबतची दुसरी लढत १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमध्ये झाली, जेक पॉल आणि माइक टायसन यांच्या लढतीआधी, नेटफ्लिक्सवर. डोक्याला डोकं आपटून सेरानोच्या डोळ्याच्या वर मोठी जखम झाली. डोकं लावल्याबद्दल पंचांनी केटीचा एक गुणही कापला. तरीही तिन्ही पंचांनी ९५-९४ असा एका गुणाने केटीला विजय दिला. स्टेडियममध्ये निकालाविरुद्ध हुर्यो उडाली.

तिसरी लढत ११ जुलै २०२५ रोजी पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनला झाली. यावेळी त्या रात्रीच्या सगळ्याच लढती महिलांच्या होत्या. केटीने अंतर राखून, हालचालीवर भर देत शांतपणे लढत खेळली. ९७-९३, ९७-९३ आणि ९५-९५ असे गुण मिळवत ती जिंकली.

तिच्या २५ विजयांपैकी केवळ ६ नॉकआउट आहेत. म्हणजे तिच्या बहुतेक लढती शेवटच्या फेरीपर्यंत गेल्या आणि पंचांच्या गुणपत्रिकेवर ठरल्या. तिचे चाहते याला चिकाटी म्हणतात, तर टीकाकार म्हणतात, अटीतटीचे निकाल तिच्याच बाजूने लागतात.

अजून सुटलेला नाही तो दोन मिनिटांचा प्रश्न

पुरुषांच्या जेतेपदाच्या लढतीत ३ मिनिटांच्या १२ फेऱ्या असतात, म्हणजे ३६ मिनिटं. महिलांच्या लढतीत २ मिनिटांच्या १० फेऱ्या, म्हणजे २० मिनिटं.

सेरानोला हे मान्य नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ब्राझीलच्या डॅनिला रामोसशी १२ फेऱ्या, प्रत्येकी ३ मिनिटं, अशी लढत खेळली आणि जिंकली. महिलांच्या आरोग्याचं कारण देत डब्ल्यूबीसीने अशा लढतींना मान्यता द्यायला नकार दिला. सेरानोने त्यांचा पट्टा परत केला.

दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. जास्त वेळ म्हणजे डोक्याला जास्त मार, ही काळजी खरी आहे, पण ती पुरुषांनाही लागू होते. दुसरीकडे, कमी वेळात नॉकआउट कमी होतात. मग महिलांच्या लढती कमी रंगतदार असतात असं म्हटलं जातं आणि त्यावरून मानधनही कमी ठरतं. केटी आणि सेरानो यांच्या तिन्ही लढती मात्र २ मिनिटांच्या फेऱ्यांच्याच झाल्या.

मग केटीने नेमकं काय बदललं?

गोगार्टीला लढण्यासाठी देश सोडावा लागला. काउचला परवान्यासाठी कायद्याचा आधार घ्यावा लागला. केटीला लहानपणी नाव लपवावं लागलं. आज आयर्लंडमधली एखादी मुलगी बॉक्सिंग क्लबमध्ये गेली, तर यातलं काहीच करावं लागत नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये केटीच्याच ६० किलो गटात आयर्लंडच्या केली हॅरिंग्टनने सुवर्ण जिंकलं, आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये ते पुन्हा जिंकलं.

यादीत 'के. टेलर' असं अर्धं नाव लिहून सुरू झालेला प्रवास मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पोस्टरवर पूर्ण नाव झळकेपर्यंत आला. राहिलाय तो प्रत्येक फेरीतल्या एका मिनिटाचा प्रश्न. त्याचं उत्तर बहुधा तिच्यानंतरच्या पिढीला शोधावं लागेल.