वंशावळ: मिरवायची आणि सिद्ध करायची

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. ती गुलामी तिथे जन्माच्या आधारावर कशी उभी केली गेली, ते मात्र फारसे सांगत नाही.

गोऱ्या अमेरिकनांना वंशाचा अभिमान होता आणि त्याची लाजही वाटे. बेंजामिन फ्रँकलिन १७५८ मध्ये इंग्लंडमधील एक्टन गावी जाऊन आपल्या पूर्वजांच्या नोंदी धुंडाळून आला. पुढे क्रांतियुद्धातील अधिकाऱ्यांनी १७८३ मध्ये सिनसिनाटी सोसायटी काढली व सभासदत्व थोरल्या मुलाकडे वारशाने जाईल असे ठरवले. तेव्हा याच फ्रँकलिनने मुलीला लिहिलेल्या पत्रात हिशेब मांडला, की नऊ पिढ्यांनंतरच्या वारसात मूळ वीराचा अंश उरेल अवघा पाचशेबारावा! १७८७ च्या राज्यघटनेने तर सरदारकीच्या पदव्याच नाकारल्या.

गुलामांच्या बाबतीत कायद्याला असली लाज नव्हती. इंग्रजी रूढीप्रमाणे मूल बापाच्या दर्जाचे. त्या आधारे, आपला बाप इंग्रज होता हे दाखवून, व्हर्जिनियात एलिझाबेथ की हिने १६५६ साली सुटका मिळवली. लगेच १६६२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने नियम फिरवला: मूल आईच्या दर्जाचे. म्हणजे मालकाने दासीवर केलेला अत्याचारही त्याच्या मिळकतीत भर घालणार. (सोयीप्रमाणे कधी बाप मोजायचा, कधी आई, ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही.)

शेजारच्या मेरीलँडने १६६४ मध्ये आणखी पुढची मजल मारली. गोऱ्या स्त्रीने गुलामाशी लग्न केले तर तिची मुलेही गुलाम. तिथे नेल बटलर या आयरिश मोलकरणीने १६८१ मध्ये चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केले आणि तिची संतती गुलामीत गेली. पण त्या घराने नेलचे नाव विसरू दिले नाही. १७७० मध्ये तिचे वंशज विल्यम व मेरी बटलर कोर्टात उभे राहिले. गोऱ्यांविरुद्ध काळ्यांची साक्ष १७१७ च्या कायद्याने बाद होती. तेव्हा स्वतःची आजी कोण हे सांगायलाही गोऱ्या म्हाताऱ्यांची तोंडे शोधावी लागली. ते जिंकले, पण १७७१ मध्ये अपिलात हरले. मग त्यांच्या मुलीने, तिचेही नाव मेरीच, नव्याने दावा लावला. नेलला त्या लग्नाबद्दल कोर्टाने कधी दोषी ठरवल्याची नोंदच मालकाला दाखवता आली नाही. १७८७ मध्ये मेरी सुटली. १७९१ मध्ये अपिलातही निकाल टिकला. लग्नाला तोवर एकशे दहा वर्षे झाली होती.

अशी आयरिश पणजी किती जणांना असणार? बोस्टनच्या प्रतिष्ठितांनी वंशावळींसाठी १८४५ मध्ये खास संस्था काढली. त्यानंतरच्या १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या यादीत बहुतेक ठिकाणी नाव नाही. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग. मुक्त झालेल्यांची नावे १८७० च्या शिरगणतीत आली. आज तिथले काळे लोक घराण्याचा शोध घेत त्या वर्षापर्यंत मागे जातात, आणि त्यापलीकडे मालकांची मृत्युपत्रे नि खरेदीखते चाळत बसतात. पणजीचे नाव सापडलेच तर ते तिथे, घोड्या-गुरांच्या शेजारी, किमतीसह लिहिलेले असते.