गीतकार, गायक, वादक अडचणीत आले तर मदत कुठे मिळते?

गाण्या-वाजवण्यावर पोट असलेल्या बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो, भविष्य निर्वाह निधी नसतो आणि आजारपणाची भरपगारी रजाही नसते. लग्नसराई, जत्रा, गणेशोत्सव यांवर वर्षाचं गणित बसवायचं. अशात हात मोडला, घसा बसला किंवा मोठं दुखणं आलं की कमाई त्याच दिवशी थांबते.

ब्रिटनमध्ये संगीतकारांसाठी 'हेल्प म्युझिशियन्स' ही संस्था १९२१ पासून आहे. अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या संस्थेने १९८९ मध्ये 'म्युझिकेअर्स' सुरू केली. औषधोपचार, घरभाडं अशा तातडीच्या खर्चाला या संस्था हातभार लावतात. महाराष्ट्रातल्या कलाकाराला मात्र वेगवेगळी दारं ठोठवावी लागतात. कोणतं दार कशासाठी, ते पाहू.

रॉयल्टी ही मदत नव्हे, हक्क

आधी स्वतःचेच पैसे कुठे अडकलेत का, हे पाहावं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी लिहिलेले शब्द आणि केलेली चाल यांचे हक्क विकले, तरी रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराकडेच राहतो. अपवाद एकच, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणाऱ्या गाण्याचा. हा वाटा करारात लिहूनही सोडता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो.

ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' (आयपीआरएस) करते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीत गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशक सभासद होतात. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, जाहीर कार्यक्रम आणि ऑनलाइन माध्यमांकडून ती शुल्क घेते. २०२० च्या टाळेबंदीत सोसायटीने सभासदांना तातडीची आर्थिक मदतही दिली होती. लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, त्यामुळे वारसांनीही चौकशी करावी.

गायकांच्या ध्वनिमुद्रित आवाजाच्या रॉयल्टीसाठी २०१३ मध्ये वेगळी सोसायटी नोंदली गेली. ती आज 'इसम्रा' या नावाने ओळखली जाते.

पारंपरिक ओवी किंवा गोंधळाच्या जुन्या पदावर कोणाचा कॉपीराइट नसतो. पण शाहिराने स्वतः नवा पोवाडा लिहिला, तर तो त्याचा असतो. फक्त कार्यक्रमात वाजवणाऱ्या ढोलकीवाल्याला किंवा ऑर्केस्ट्रातल्या वादकाला या वाटेने काही मिळत नाही. त्याच्यासाठी पुढच्या वाटा महत्त्वाच्या.

दवाखान्याचा खर्च

कलाकार म्हणून नव्हे, राज्याचे रहिवासी म्हणून मिळणाऱ्या सोयी इथे जास्त उपयोगी पडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांमध्ये ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेटावं.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात देणं बंधनकारक आहे. यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. भरती होतानाच तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाशी बोलावं. बिल हातात पडल्यावर धावपळ केली, तर काम अवघड होतं. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधीतून उपचारांसाठी अर्थसाहाय्य मागता येतं.

मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

उतारवयातलं मानधन

ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा वर्गवारीनुसार कमीजास्त रक्कम मिळे. २०२४ पासून सरसकट महिना ५,००० रुपये ठरवले गेले. सर्वसाधारण अट वय ५० पूर्ण, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षं आणि मर्यादित वार्षिक उत्पन्न अशी आहे. निवड जिल्हा पातळीवरची समिती करते. कलावंताच्या मागे पती किंवा पत्नीला मानधन चालू राहतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचीही ६० वर्षांवरील कलावंतांसाठी अशीच योजना आहे.

मात्र हे मानधन तातडीची मदत नव्हे. अर्ज, छाननी, निवड यात वेळ जातो. गरज पडेपर्यंत थांबू नये.

संघटना कशाला हवी?

मुंबईत चित्रपट-वादकांची 'सिने म्युझिशियन्स असोसिएशन' आहे. 'स्क्रीनरायटर्स असोसिएशन'मध्ये पटकथाकारांबरोबर गीतकारही सभासद होतात. मानधन थकलं किंवा श्रेय डावललं गेलं, तर ही संघटना तंट्यात मध्यस्थी करते आणि अडचणीतल्या सभासदांसाठी कल्याणकारी योजनाही चालवते. पण हे सगळं सभासदांसाठीच असतं.

आजच जमवून ठेवायच्या गोष्टी

कलाकार म्हणून मदत मागताना एक प्रश्न हमखास येतो: तुम्ही कलाकार आहात, याचा पुरावा काय? तो पुरावा आजारपणात गोळा करता येत नाही. म्हणून एका फाइलीत हे ठेवा:

- कार्यक्रमांच्या पत्रिका, जाहिराती, वर्तमानपत्रांतली कात्रणं, तारखेसह
- प्रमाणपत्रं, आकाशवाणी-दूरदर्शनचे करार
- प्रत्येक गाण्याची नोंद: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, वर्ष कोणतं
- केलेले सर्व करार आणि पैसे मिळाल्याच्या पावत्या
- आधार, शिधापत्रिका, उत्पन्न आणि वयाचा दाखला, बँक पासबुक
- सोसायटीचा सभासद क्रमांक आणि वारसाची नोंद

फाइल कुठे आहे, हे घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा. कलाकार अंथरुणावर असतो तेव्हा अर्ज घेऊन कचेरीत जाणारं माणूस दुसरंच असतं.